जोसेफ प्लातो : दृष्टी हरपलेला दृष्टीचा अभ्यासक

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जोसेफ प्लातो हे नाव भेटते ते बहुधा पृष्ठताणाच्या प्रकरणात, साबणाच्या फुग्यांच्या निमित्ताने, आणि तेही एखाद्या ओळीपुरतेच. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्याशी त्याची गल्लत करून परीक्षेत पानभर उत्तर लिहिणारे महाभागही माझ्या पाहण्यात आहेत. हा प्लातो बेल्जियमचा. त्याच्या आडनावाचा फ्रेंच भाषेतला अर्थ पठार.

त्याच्याविषयी लिहावे असे मला वाटले, त्याला कारण मात्र साबणाचे फुगे नव्हेत. संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांबद्दल आमची मुले जो वाद घालतात, तो मी गेली काही वर्षे ऐकत आलो आहे. एकाच्या मते सेकंदाला ३० चित्रे म्हणजे फ्रेम पुरेशा होतात. दुसऱ्याला ६० च्या खाली सारे अडखळत चालल्यासारखे दिसते. तिसरा १२० च्या खाली बोलायलाच तयार नसतो. आणि चौथा या तिघांनाही वेड्यात काढून सांगतो की हा सगळा मनाचा खेळ, महागडा पडदा घेतल्याचे समाधान! चित्राचा गुळगुळीतपणा चित्रात असतो की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, हा तो वाद. व्हिडिओ गेम तर सोडाच, सिनेमाही जन्मला नव्हता, विजेचा दिवाही नव्हता, त्या काळात याच प्रश्नाने एका तरुणाला झपाटले होते. त्याची कथा या मुलांना ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

प्लातोचा जन्म १४ ऑक्टोबर १८०१ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. वडील तूर्ने गावचे चित्रकार. फुलांची चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलानेही कुंचला हाती घ्यावा या इच्छेने त्यांनी त्याला चित्रकलेच्या शाळेत घातले. परंतु वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा आईबापांविना पोरका झाला. तो आणि त्याच्या दोन बहिणी यांचा सांभाळ मामाने केला. मामा वकील होते. म्हणजे वडिलांना हवा होता चित्रकार, घराण्याला पुढे हवा होता कायदेपंडित, आणि मुलाचे मन रमले होते तिसरीकडेच. असे आपल्याकडेही घरोघरी घडत असते.

ब्रुसेल्सच्या शाळेत त्याला आदॉल्फ केतले यांच्यासारखा गुरू लाभला. केतले म्हणजे माणसांच्या उंचीपासून गुन्ह्यांपर्यंत सर्व गोष्टींची सरासरी काढून ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडणारे गणिती. माणसे एकमेकांहून भिन्न असतात, तरी त्या भिन्नतेतही नियम असतो, हा त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा. प्लातोच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना या गुरूची आठवण मला पुन्हा पुन्हा होते.

१८२२ मध्ये प्लातो लिएज येथील विद्यापीठात दाखल झाला. आरंभी कायदा, मग गणित व पदार्थविज्ञान. १८२७ पासून तो तेथीलच शाळेत गणित शिकवू लागला आणि शिकवता शिकवता १८२९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघ्या २७ पानांचा! (आजच्या संशोधक विद्यार्थ्यांची नुसती आभारप्रदर्शनाची पाने तेवढी भरतात.) विषय होता, प्रकाशामुळे डोळ्यावर उमटणारे ठसे आणि त्यांचे गुणधर्म.

जळते कोलीत अंधारात गरगर फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते. हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांतील चौथ्या प्रकरणाचे नावच मुळी ‘अलातशांती’ असे आहे. अलात म्हणजे कोलीत. वर्तुळ खरे नाही, फिरणारा ठिपका तेवढा खरा, हा दृष्टान्त आपल्या तत्त्वज्ञांनी जगाच्या मिथ्यात्वासाठी वापरला. युरोपातल्या मंडळींनी त्याच कोलिताचे मोजमाप सुरू केले. १७६५ मध्ये दार्सी नावाच्या सरदाराने चाकाला निखारा बांधून तो फिरवला. पूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी एक फेरा सेकंदाच्या सुमारे ८/६० भागात पुरा व्हावा लागतो, असे त्याला आढळले. म्हणजे निखारा पुढे निघून गेल्यावरही त्याचा ठसा डोळ्यात तितका वेळ टिकतो. यालाच आपण दृष्टिसातत्य म्हणतो.

प्लातोने हा प्रश्न अधिक बारकाईने घेतला. निरनिराळ्या रंगांचे ठसे किती वेळ टिकतात, ते एकदम विझतात की हळूहळू, याची त्याने मोजणी केली. त्याच्या मते ठसा पूर्णपणे मावळायला सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश भाग लागतो. हे उत्तर दार्सीच्या उत्तराच्या दुपटीहूनही मोठे. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. दार्सी विचारत होता की वर्तुळात खंड दिसेनासा केव्हा होतो, आणि प्लातो विचारत होता की ठशाचा शेवटचा अंश केव्हा नाहीसा होतो. प्रश्न बदलला की डोळ्याचे उत्तर बदलते. हा धडा आमच्या वादपटूंनी पहिल्याप्रथम गिरवावा. कारण ‘गुळगुळीत दिसणे’ या एका शब्दात ते तीनचार वेगळे प्रश्न कोंबत असतात.

पुढे १८३१ साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या दृष्टिभ्रमाविषयी लेख प्रसिद्ध केला. एका चाकाच्या फटींतून दुसरे चाक पाहिले असता ते स्थिर उभे असल्यासारखे दिसते, हा त्यातला चमत्कार. प्लातो याच वाटेने आधी गेला होता. त्याने तसे कळवले आणि फॅरडेनेही त्याचे अग्रक्रमत्व मोकळ्या मनाने मान्य केले. या पत्रव्यवहाराच्या पाठोपाठ, १८३२ च्या अखेरीस, प्लातोने ते उपकरण बनवले ज्याच्यामुळे सिनेमाच्या इतिहासाचे पहिले पान त्याच्या नावाने लिहिले जाते. केतलेंच्या नियतकालिकात त्याचे वर्णन आले, त्यावर २० जानेवारी १८३३ ही तारीख आहे. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या सायमन स्टाम्फर यानेही अगदी स्वतंत्रपणे तशीच तबकडी तयार केली होती.

या उपकरणाला फेनाकिस्टिस्कोप असे जिभेला व्यायाम देणारे नाव पडले. ग्रीक भाषेत त्याचा आशय डोळ्याला फसवणारे यंत्र असा. वस्तू मात्र साधी आहे. एक पुठ्ठ्याची तबकडी, कडेला समान अंतरावर १६ फटी आणि आत १६ चित्रे. चित्रे नर्तकाची, प्रत्येक चित्रात तो किंचित अधिक वळलेला. तबकडी मधोमध टाचणीवर बसवायची, चित्रांची बाजू आरशाकडे करायची आणि मागून फटींतून आरशात पाहत ती फिरवायची. नर्तक गिरकी घेऊ लागतो.

मी ही तबकडी घरी केली आहे आणि वर्गातही दाखवली आहे. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा त्याला उत्तम. पाहण्याजोगी गोष्ट अशी, की फटींतून न पाहता तबकडीकडे नुसते पाहिले तर चित्रांचा लगदा होतो, एक करडा पट्टा. फट डोळ्यासमोरून सरकते तेवढा क्षणभर चित्र दिसते, मग काळोख, मग पुढचे चित्र. म्हणजे सलग हालचाल दिसण्यासाठी प्रकाश सलग असून चालत नाही. मध्ये काळोखाचा तुकडा घालावा लागतो. तबकडी हळू फिरवली की नर्तक अडखळतो. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर त्याची गिरकी ओघवती होते. पण तो टप्पा नेमका कोणता, यावर एका बाकावरच्या चौघांचे एकमत होताना मी पाहिलेले नाही.

हालचाल दिसते ती निव्वळ ठसे एकमेकांत मिसळल्यामुळे, असे प्लातो मानत असे. हे मत आता टिकलेले नाही. १९१२ मध्ये माक्स वेर्टहायमरने दाखवून दिले की दोन वेगळ्या जागी एकामागून एक चमकलेल्या रेघांमध्ये मेंदू स्वतः हालचाल पाहतो. ठसा मिसळणे आणि हालचाल दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

ठसे मिसळण्याबाबत मात्र प्लातोचे एक काम अजून अभंग आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला ते तबकडीहून मोलाचे वाटते. तबकडीचा अर्धा भाग पांढरा, अर्धा काळा करून ती जोरात फिरवली, की लुकलुक थांबून एकसारखा राखाडी रंग दिसतो. हा राखाडी किती उजळ? १८३४ मध्ये इंग्लंडच्या टॅल्बटने आणि १८३५ मध्ये प्लातोने त्याचे उत्तर दिले. एकूण प्रकाश सर्व वेळात समान वाटून टाकला असता जितका येईल, तितकाच उजळ. हा टॅल्बट-प्लातो नियम. लुकलुक एकदा पुरती थांबली, की मग पाहणारा कोणीही असो, नियम तोच. येथे डोळा एखाद्या तराजूसारखा वागतो.

पण लुकलुक थांबते केव्हा? या ठिकाणी तराजूचा काटा प्रत्येकाचा वेगळा. प्रकाश जितका प्रखर, तितकी ती थांबवायला गती अधिक लागते. हा नियम १८९२ मध्ये फेरीने आणि १९०२ मध्ये पोर्टरने बांधून दिला. मंद प्रकाशात स्थिर वाटणारा पडदा उजेड वाढवताच थरथरू लागतो तो यामुळे. डोळ्याच्या कडेने पाहताना लुकलुक अधिक जाणवते, थकवा आला की कमी जाणवते. आणि माणसामाणसांतही फरक आहेच. २०२४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काही जणांना सेकंदाला सुमारे ३५ वेळा चमकणारा दिवा स्थिर दिसला, तर काहींना ६० च्या वर गेल्यावरही तो लुकलुकतानाच दिसत होता. तेव्हा ३० वाला आणि ६० वाला दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

सिनेमावाल्यांनी या दोन प्रश्नांची फोड फार पूर्वीच केली होती. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण रूढ झाले. हालचालीसाठी ती पुरतात, पण लुकलुक थांबवायला पुरत नाहीत. म्हणून प्रक्षेपकाच्या झडपेने प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवायचे, म्हणजे डोळ्याला ४८ किंवा ७२ झपके मिळतात. खेळांच्या पडद्यावर आणखी एक भानगड असते. सरासरी ६० चित्रे येत असली, तरी ती समान अंतराने आली नाहीत तर चाल लंगडी वाटते, आणि हे लंगडणे यंत्राने मोजता येते. शिवाय खेळणाऱ्याचे बोट आणि पडद्यावरचे चित्र यांमधला उशीर असतोच, तो सिनेमा पाहणाऱ्याला नसतो. आवडीनिवडीचा मामला तर आणखी निराळा. २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ हा चित्रपट काही चित्रगृहांत ४८ चित्रांच्या गतीने दाखवला, तेव्हा हालचाल अधिक स्वच्छ दिसूनही पुष्कळ प्रेक्षकांनी नाके मुरडली. गुळगुळीत दिसणे एक, ते आवडणे दुसरे.

आता प्लातोच्या आयुष्यातल्या त्या प्रसंगाकडे वळतो, जो सांगताना माझा आवाज वर्गात नेहमी खाली येतो. प्रखर प्रकाशाचा ठसा किती टिकतो हे पाहण्यासाठी तरुणपणी त्याने उघड्या डोळ्यांनी भर सूर्याकडे सुमारे २५ सेकंद टक लावून पाहिले. त्यानंतर दृष्टी अधू झाली, मग काहीशी सुधारली. १८३५ मध्ये तो गेंट येथील विद्यापीठात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. (गेंट हे फ्लेमिश बोलीचे गाव, आणि विद्यापीठातले अध्यापन तेव्हा फ्रेंचमधून, दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या वर्गाचे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल.) १८४० मध्ये त्याचे लग्न झाले. १८४१ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव फेलिक्स. त्याच सुमारास डोळ्यांचा दाह सुरू झाला आणि १८४३ मध्ये दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. वय बेचाळीस. सूर्याकडे पाहण्याच्या त्या प्रयोगालाच तो स्वतः दोष देत असे. आजचे काही वैद्य मात्र त्याला डोळ्यांच्या मध्यपटलाचा जुनाट दाह असावा, असे मानतात. सूर्याकडे टक लावून चौदा वर्षांनी अंधत्व यावे, हे मलाही पटत नाही. पण त्या प्रयोगाचे अनुकरण कोणी करू नये, हे शिक्षक या नात्याने सांगितलेच पाहिजे.

यापुढे तो चाळीस वर्षे जगला. माझ्या मते त्याच्या चरित्राचा खरा भाग येथून सुरू होतो. ज्याचे सारे शास्त्र पाहण्यावर उभे, त्याला आता दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पाहणे ही सर्वस्वी ज्याची त्याची खाजगी बाब असेल, एकाचे दिसणे दुसऱ्याच्या उपयोगी पडणारच नसेल, तर त्याचे काम १८४३ लाच संपले असते. त्याने ते संपू दिले नाही. प्रयोग कसा मांडायचा, काय पाहायचे, कोणत्या क्रमाने पाहायचे हे तो मनात योजून सांगे. मुलगा फेलिक्स, जावई व्हान डेर मेन्सब्रुग्ग आणि विद्यापीठातले सहकारी प्रयोग करून त्याला दिसले ते सांगत. मग तो प्रश्न विचारी. पुन्हा प्रयोग, पुन्हा प्रश्न.

याच अंधारात साबणाच्या पापुद्र्यांचे ते प्रख्यात काम झाले. तारेची चौकट साबण आणि ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवून काढली की पातळ पापुद्रे बसतात. ते वाटेल तसे बसत नाहीत. तीन पापुद्रे एका कडेवर मिळतात आणि त्यांमधला कोन १२० अंशांचा असतो. अशा चार कडा एका बिंदूत मिळतात आणि त्यांमधला कोन सुमारे १०९.५ अंशांचा. हे सारे १८७३ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. या नियमांची गणिती सिद्धता जीन टेलर या अमेरिकन विदुषीने १९७६ मध्ये दिली. दिलेल्या कडेवर कमीत कमी क्षेत्रफळाचा पापुद्रा असतोच का, हा ‘प्लातोचा प्रश्न’ सोडवल्याबद्दल जेसी डग्लस याला १९३६ चे फील्ड्स पदक मिळाले. सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी टिपलेले ते कोन शंभर वर्षांनी गणिताच्या कसोटीला तंतोतंत उतरले.

मनातल्या संवेदनेचे मोजमाप करता येते का, हा प्रश्नही त्याने सोडला नव्हता. त्यासाठी त्याने केलेला प्रयोग चित्रकाराच्या मुलालाच सुचावा असा आहे. त्याने आठ चित्रकारांना एक पांढरा आणि एक काळा रंग दाखवून, दोघांच्या बरोबर मधोमध वाटेल अशी राखाडी छटा रंगवायला सांगितले. प्रत्येकाने आपल्या चित्रशाळेत, आपापल्या उजेडात, दुसऱ्याचे न पाहता काम केले. मधोमध वाटणे ही तर निव्वळ मनाची गोष्ट. तिथे फूटपट्टी चालत नाही. तरी आठही छटा जवळजवळ सारख्या निघाल्या.

उजेड वेगळा असूनही ‘मध्य’ तोच राहतो, यावरून प्लातोने १८७२ मध्ये एक गणिती संबंध मांडला. तो फेक्नरने १८६० मध्ये मांडलेल्या नियमाहून वेगळा होता. पण तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. लिएजच्या देलबफला त्याने फिरत्या तबकड्यांनी ही गोष्ट पुन्हा तपासून पाहायला सांगितले. देलबफचे आकडे प्लातोच्या सूत्राला अनुकूल आले नाहीत, आणि प्लातोने आपले सूत्र मागे घेतले. सत्तरी ओलांडलेल्या, स्वतः आकडे न पाहू शकणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यांवर इतका विश्वास टाकावा, याचे मला नवल वाटते. गंमत अशी, की १९५७ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन्सने जवळजवळ त्याच जातीचा नियम पुन्हा पुढे आणला आणि आज मानसशास्त्राचे विद्यार्थी तो शिकतात.

खेळाच्या पडद्याचा वाद मिटवायचा तर प्लातोचीच वाट धरावी असे मी मुलांना सांगतो. किती फ्रेम दिसतात ते ओरडून सांगू नका. एकाने गती बदलत जावे, आकडा झाकून ठेवावा, दुसऱ्याने फक्त कोणती चाल अधिक सलग ते सांगावे, आणि ते वीसपंचवीस वेळा लिहून ठेवावे. जो केवळ फुशारकी मारतो त्याचा कागद नाणेफेकीसारखा निघेल. ज्याला खरोखर फरक दिसतो त्याचा तसा निघणार नाही. कोणाची सीमा ७० वर असेल, कोणाची आणखी वर. सीमा त्याची स्वतःची असेल, पण ती कागदावर दुसऱ्याला वाचता येईल.

आयुष्याच्या संध्याकाळी, १८७७-७८ मध्ये, प्लातोने दृष्टीच्या व्यक्तिनिष्ठ चमत्कारांवर प्राचीन काळापासून अठराव्या शतकाअखेर जे जे लिहिले गेले त्याची विवेचक सूची प्रसिद्ध केली. ती सारी दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्याने केली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी गेंट येथे त्याचे निधन झाले. त्या गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. १९८५ पासून काही वर्षे बेल्जियममध्ये त्याच्या नावाने चित्रपट पारितोषिकेही दिली जात.

मुलगा फेलिक्स पुढे गेंटलाच प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर चारपाच वर्षांतच त्याने कीटकांच्या दृष्टीवर प्रयोगांची मोठी मालिका केली. कीटकांना आकार फारसे कळत नाहीत, हालचाल मात्र चटकन कळते, असे त्याला आढळले. माशीच्या डोळ्याला सेकंदाला २०० हून अधिक झपके वेगवेगळे जाणवतात, हे विसाव्या शतकात उपकरणांनी सिद्ध झाले. आमच्या मुलांचा १२० चित्रांचा पडदा तिला लुकलुकतानाच दिसत असणार.